एका तुरटीत थांबलेलं रक्त

आधी त्यांचं सांगतो, मग माझं. पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं सलून आहे, त्या मामांनी मला दोनदा दवाखान्यात नेलं. पहिल्यांदा मला चालता येत नव्हतं म्हणून, दुसऱ्यांदा मी चालायला तयार नव्हतो म्हणून. आज मी मशीनवर बसतो, दोन वेळ जेवतो, संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, फेरी मारून येतो, ते या माणसामुळे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण डॉक्टरांपर्यंत मला कुणीतरी न्यायला हवं होतं.

मामा माझे मामा नाहीत. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात, कारण शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे. मी शाळा सोडली सहावीत. नवीन आलो तेव्हा कुणी 'मास्तर' अशी हाक मारली की मी मागे वळून बघायचो, कोण गुरुजी आले म्हणून.

मी वणीचा. नाशकात असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "मग काय, घर जवळच की तुमचं!" कारण इथली वणी म्हणजे देवीच्या गडाखालची वणी, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत यावं अशी. माझी वणी यवतमाळ जिल्ह्यातली. तिकडे जायचं तर एक रात्र रेल्वेत जाते आणि पुढे एसटीचे हाल वेगळे. बायको तिकडेच असते, तिच्या अंथरुणाला खिळलेल्या भावापाशी. मी बावीस वर्षांपूर्वी एका गाववाल्याच्या मागे इथं आलो. गाववाला परत गेला, मी राहिलो.

काम देवांचे पोशाख शिवण्याचं. दुकान मालकीणबाईंचं. बोटाएवढ्या बाळकृष्णाच्या झबल्यापासून माणसाएवढ्या मूर्तीच्या अंगरख्यापर्यंत सगळं आमच्याकडे होतं. हे शिवणं माणसांच्या शिवण्यापेक्षा वेगळं. देव हात वर करून बाही घालून घेत नाही, म्हणून अंगरखा मागून उघडा ठेवायचा आणि नाड्या लावायच्या. मशीनवर थोडं, हातावर जास्त. गोट, जर, टिकल्या हे सगळं सुईनं. नियमही आहेत. अंघोळ करून बसायचं. दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करायचं नाही, ते उष्टं होतं, त्यासाठी वाटीत पाणी ठेवायचं. आणि कापडावर रक्त पडलं तर कापड बाद. धुतलं तरी बाद. मालकीणबाई यात कुणाचं ऐकत नाहीत, स्वतःचंसुद्धा नाही. एकदा त्यांच्याच नखातून रक्त आलं तर त्यांनी आख्खं मखमली आसन बाजूला काढलं होतं.

गेल्या माघात एका सकाळी इस्त्री करता करता माझ्या छातीवर दाब आला. जबडा दुखायला लागला. छातीतले ठोके एका चालीत नव्हते. मशीनचा पट्टा सैल झाला की चाक दोनदा भर्रकन फिरतं, मग अडतं, मग पुन्हा फिरतं, तसं काहीतरी चाललं होतं. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, हे मला नीट आठवतं. मग हवा घ्यायला म्हणून बाहेर आलो आणि सलूनच्या पायरीवर बसलो. आत मामा एका गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, थंडीत घाम कशाचा ओ?"

मी नुसती छाती दाखवली. गिऱ्हाइकाच्या गळ्यात तसंच कापड ठेवून मामांनी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात मला आत घेतलं, छातीला तारा लावल्या. पडद्यापलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. टेबलावरच्या ताई विचारत होत्या, "पेशंट कुठले?"

"वणी."

"मग घरच्यांना बोलवा ना. तासाभरात येतील."

"ती वणी नाय ओ ताई. लांबची वणी. यवतमाळकडची."

"बरं. मग तुम्ही कोण त्यांचे?"

"मामा."

"मामा? ते तर तुमच्यापेक्षा मोठे दिसतात."

"आसतात काही भाचे मोठे. सही कुठं करू?"

छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असतानाही मला हसू आलं. नंतर ते ताईंना खरं काय ते सांगूनही आले म्हणे, पण सही त्यांनीच केली, आणि माझ्या बायकोला फोनही त्यांनीच लावला.

मनगटातून नळी घालून डॉक्टरांनी हृदयाच्या बंद झालेल्या वाहिनीत जाळी बसवली. मी जागाच होतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. म्हणाले, तुम्हाला दोन आजार आहेत आणि दोघांच्या गुठळ्या वेगळ्या. जाळी अंगाला नवीन आहे, तिच्यावर रक्त चिकटू पाहतं, आणि चिकटलं तर वाहिनी पुन्हा बंद. हा पहिला धोका. दुसरा धोका म्हणजे तुमच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. ठोके बेताल आहेत ते त्यामुळे. तिथं रक्त साचून गोठतं आणि त्यातला तुकडा मेंदूत गेला तर अर्धं अंग लुळं पडू शकतं.

म्हणून गोळ्या तीन. तिन्ही रक्त पातळ करणाऱ्या, पण प्रत्येकीचं काम वेगळं. पहिली एकच महिना, कारण तिन्ही एकत्र फार दिवस घेतल्या तर रक्तस्राव व्हायची भीती. दुसरी वर्षभर, जाळीसाठी. तिसरी सकाळ-संध्याकाळ, ठोक्यांसाठी, आणि ती बहुतेक कायमची. "मला विचारल्याशिवाय यातलं काहीही बंद करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दात काढायचा असला तरी आधी मला फोन."

मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. पुढं जे केलं ते कळलं नव्हतं म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही.

बायकोला मात्र 'रक्त पातळ' हा शब्दच पटला नाही. आमच्याकडे रक्त पातळ झालं म्हणजे माणूस अशक्त झाला. ती फोनवर म्हणाली, "रक्त पातय करते म्हंते? आन मंग अंगात ताकत कशी राहीन जी तुमच्या?" मी तिला डॉक्टरांचं चित्र तोंडानं सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मले नाही समजत. गोया टायमावर घ्या बस."

पंधरा दिवसांनी मी कामावर बसलो. आल्या आल्याच फरक कळला. एरवी सुई टोचली की बोट दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढं चालू लागायचं. आता टोचली की रक्त येतच राहायचं. थांबलं असं वाटायचं, कापड हातात घेतलं की पुन्हा. चौथ्या दिवशी पिवळ्या रेशमाच्या पितांबरावर एक थेंब पडला, काठापासून दोन बोटं आत. मी तो वाटीतल्या पाण्यानं पुसायला गेलो तर तो पसरला.

मालकीणबाई समोरच बसल्या होत्या. पितांबर घेतला, घडी घातली, बाजूच्या फळीवर ठेवला. "दुसरं कापड काढते," एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात तसाच एक शेला बाद झाला. त्या तेव्हाही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर महत्त्वाचं काम माझ्याकडे यायचं कमी झालं. मला बाळकृष्णाची टोपडी, गादीच्या खोळी असलं काही मिळायला लागलं.

महिना झाला, दाखवायला गेलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिली गोळी बंद केली. म्हणाले, आता दोन राहिल्या, त्या चालू ठेवा. मी परत येताना रिक्षात विचार करत होतो. डॉक्टरांनी एक बंद केली तर मला काही झालं नाही. म्हणजे गोळी बंद केली की लगेच काही होतं असं नाही. हा विचार मला तेव्हा शहाणपणाचा वाटला.

मग चैत्र जवळ आला. पंचवटीत रामनवमीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्या धंद्याचे दिवस. एका जुन्या देवळाचा पूर्ण पोशाख दरवर्षी माझ्या हातचा जातो. अंगरखा, शेला, पितांबर, मागचं पडद्याचं कापड, सगळं. बावीस वर्षांतली अठरा वर्षं तो मी शिवला. पाडव्याच्या आधी मालकीणबाईंनी कापड माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "जमेल ना यंदा?"

मला भीती कसली होती ते सांगतो. काम जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी अशी की यंदा तो दुसऱ्यानं शिवला तर पुढल्या वर्षीही दुसराच शिवेल, आणि मग मी इथं, घरापासून इतक्या लांब, कशासाठी आहे ते मला सांगता येणार नाही. बायकोला बावीस वर्षं हेच सांगत आलो होतो, की तिकडे देवाचं काम आहे.

"जमेल," मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोळ्या बंद केल्या. नऊ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, पोशाख गेला की पुन्हा सुरू करू, असं ठरवलं. लोक देवासाठी नऊ दिवस अन्न सोडतात, आपण गोळ्या सोडल्या तर काय, असंही मनाला सांगितलं. गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. एरवी मी घाबरट माणूस आहे. दिवसातून चार वेळा मनगट धरून ठोके मोजायचो. त्या दिवसांत मोजणं सोडलं, म्हणजे वाईट काही कळू नये.

पहिले तीन दिवस बोट टोचलं की पूर्वीसारखंच वाहायचं. पाचव्या दिवशी कमी झालं. मला आनंद झाला. अंगरख्याचा गोट लावून झाला होता, एकही डाग नव्हता.

सहाव्या दिवशी दाढीला गेलो. माझ्या जबड्याखाली एक चामखीळ आहे. मामांचा वस्तरा दर वेळी तिथं अडकतो आणि थोडं रक्त येतं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा दाढी केली तेव्हा त्यांनी तीनदा तुरटी फिरवली, मग कापूस दाबून मला पाव तास बसवून ठेवलं. तेव्हाच मी त्यांना गोळ्यांचं सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या दाढीच्या दिवशी ते कापूस आधीच काढून ठेवायचे.

त्या दिवशीही वस्तरा अडकला. मामांनी तुरटीचा एक हात फिरवला, कापूस उचलला, आणि थांबले. वाकून बघितलं. बोटानं चामखिळीच्या बाजूची कातडी ताणून पुन्हा बघितलं.

"थांबलं की ओ."

"बरं झालं," मी म्हणालो.

"बरं कसं काय? मागल्या खेपेला माझा आख्खा कापूस खाल्ला तुम्ही. आज एका तुरटीत?" त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला. "गोळ्या चालू हायेत ना मास्तर?"

"हो."

"आरशात बघून सांगा."

आरशात मी होतो, माझ्यामागे ते होते आणि त्यांच्यामागे बाकावर तोंडाला फेस लावून बसलेले एक काका होते. तिघंही माझ्याकडे बघत होते. मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं, सहा दिवस झाले.

मामा चिडले की हळू बोलतात. "उठा," ते म्हणाले.

"मामा, दोन दिवसांत पोशाख द्यायचाय. मग मी स्वतःच..."

"उठा म्हणतो ना. त्या दिवशी सही मी केली हाय. तुमच्या मंडळींना फोन मी लावलाय. आता दुसरा फोन मी लावायचा का? काय सांगू? देवाच्या झग्यापायी गेले?"

फेसवाले काका म्हणाले, "अहो, माझी दाढी?"

"साबण वाळला तर परत लावीन. तुम्ही काय मरायला नाय लागले."

मी उठत नव्हतो. खरंच उठत नव्हतो, खुर्चीचे हात धरून बसलो होतो. तेव्हा काकाच उठले, फेसासकट माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जा बाबा. माझ्या भावानं अशीच गोळी सोडली होती. आता त्याला घास भरवावा लागतो." मग मी उठलो.

डॉक्टरांनी ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, छाती तपासली, हातपाय हलवून बघितले. काही झालेलं नव्हतं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त दारात उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मामांनी तुरटीचं सांगितलं. डॉक्टर जरा हसले आणि लगेच गंभीर झाले. "या वेळी तुमचा अंदाज बरोबर निघाला. पण याच्यावर विसंबू नका. गोळ्या नीट चालू असूनही कधी रक्त लवकर थांबतं, आणि रक्त वाहतंय म्हणजे जाळी सुखरूप आहे असंही नसतं. वस्तऱ्यावरून हे ठरवता येत नाही." मग माझ्याकडे वळले. "दोन महिनेही झाले नाहीत जाळीला. तुम्ही सहा दिवस नशिबावर काढले." गोळ्या कशा पुन्हा सुरू करायच्या ते त्यांनी लिहून दिलं. त्या दिवसाची गोळी समोरच घ्यायला लावली.

आम्ही बाहेर पडणार तोच ते मामांना म्हणाले, "तुमचा डावा डोळा दाखवलाय का कुणाला? बुबुळ पांढरं दिसतंय."

मामा म्हणाले, "हो हो, दाखवलाय," आणि मला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं.

रिक्षात मी विचारलं, "कधी दाखवला?"

"दोन वर्षं झाली. मोतीबिंदू हाय. ऑपरेशन करा म्हणले." ते बाहेर बघत होते. "गल्लीत बोलू नका. आंधळ्याच्या हाती गळा कोण देईल?"

म्हणजे चामखिळीत वस्तरा दर वेळी का अडकत होता, ते मला तेव्हा कळलं.

दुकानात मामाच माझ्याबरोबर आले. मालकीणबाईंना सगळं त्यांनीच सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांचा हात त्या जवळजवळ पूर्ण झालेल्या अंगरख्यावर होता. मग त्यांनी अंगरख्याची घडी घातली आणि तो त्याच फळीवर ठेवला, जिथं बाद कापडं ठेवतात.

"त्याला डाग नाही," मी म्हणालो.

"दिसतोय मला," त्या म्हणाल्या. "माणसाचा जीव टांगणीला लावून शिवलेलं मी देवाच्या अंगावर घालू? मला विचारायचं तरी. टाके दुसऱ्यानं घातले असते, बेतलं तुम्ही असतं. तुमच्याइतकं बेतता कुणाला येतं इथं?"

दोन दिवसांत नवा अंगरखा झाला. बेतला मी, हातशिलाई दुसऱ्या दोघांनी केली. त्यांचा गोट माझ्याइतका सरळ नाही, हे मला आजही वाटतं. रामनवमीला मी गर्दीत मागे उभा राहून तो बघितला. लांबून काही कळत नव्हतं.

आता मी बेततो, मशीनवर बसतो, आणि हातशिलाई करायचीच झाली तर डाव्या हाताच्या बोटांना औषधाच्या दुकानातली चिकट कागदी पट्टी गुंडाळतो. तिच्यातून रेशीम कळत नाही. त्याची सवय झालेली नाही, होईल असंही वाटत नाही. गोळ्यांचं पाकीट वाटीशेजारी असतं. बायको रोज विचारते, "घेतल्या का जी?" आणि मी घेतल्या असं सांगतो, ते आता खरं असतं. त्या सहा दिवसांतही मी तिला तेच सांगत होतो. ते मी अजून तिला बोललेलो नाही.

मामा ऑपरेशनला तयार नाहीत. विषय काढला की म्हणतात, लग्नसराई जाऊ द्या. ती गेली की म्हणतात, गणपती होऊ द्या. त्यांना सुईची भीती वाटते, हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. मी त्यांना ओढून नेऊ शकत नाही, माझ्यात तेवढी ताकद नाही आणि त्यांच्यासारखं हळू आवाजात चिडताही येत नाही. पण ज्या दिवशी ते हो म्हणतील, त्या दिवशी मी दुकान सोडून त्यांच्याबरोबर जाईन. नंतर डोळ्यात थेंब घालावे लागतात, दिवसातून कितीदा तरी, आठवडेच्या आठवडे. ते मी घालीन. एकही थेंब चुकू देणार नाही, आणि त्यांनी चुकवला तर मला कळेल. मामा, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर लक्षात ठेवा.